एकवीस खडे

बाई गेल्या त्याच्या आठव्या दिवशी शोकसभा झाली आणि त्यांच्या हाताखाली सगळ्यात जास्त वर्षं काढली म्हणून मला बोलायला उभं केलं. मी म्हणाले, बाई म्हणजे मार खाणाऱ्या बायकांची माउली होत्या, मायेचा झरा होत्या. समोरच्या बायकांनी माना डोलावल्या. ज्या साहेबांनी बाईंना घरी बसवलं तेही पहिल्या रांगेत तोंड पाडून बसले होते. खोटं बोलायला मला काही जड गेलं नाही. सवय आहे.

मायेचा झरा कसला डोंबलाचा? अत्यंत तुसडी बाई. दात मिश्रीनं काळे, आवाज फाटका, आणि दुसऱ्याच्या डब्यातली भाजी न विचारता उचलून वर "मीठ कमी पडलंय" म्हणायची रीत. मला सहा वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाही. मी इथलीच, वरवे बुद्रुकची. पण पुण्याला जाऊन समाजकार्याची पदवी घेऊन आलेली, म्हणून 'पुस्तकवाली'. "ए पुस्तकवाले, चहा सांग. ए पुस्तकवाले, तुझ्या पुस्तकात पंखा दुरुस्त करायचं लिवलंय का?" स्वतः त्या सातवी शिकलेल्या, अंगणवाडीत उभी हयात काढलेल्या. माझ्या पदवीचा त्यांना राग होता, की गंमत वाटत होती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमचं समुपदेशन केंद्र भोरला, एसटी स्टँडच्या मागं, खताच्या दुकानाच्या माडीवर. बाहेरच्या खोलीत टेबल-खुर्च्या, आतल्या खोलीत कपाट आणि सतरंजी. जिना चढून येईपर्यंत युरियाचा वास कपड्यात बसायचा. भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांतून नवऱ्याच्या मारानं जेरीस आलेल्या बायका आणि त्यांची पोरं आमच्याकडे यायची. यायची म्हणजे काय, बाईच हुडकून आणायच्या. बाजाराच्या दिवशी त्या केंद्रात नसायच्या, कासाराच्या पालात बसलेल्या असायच्या. कासारीण बांगड्या भरायची आणि बाई शेजारी बसून शेंगा खात मनगटं बघायच्या. कुठल्या मनगटावर वळ आहे, कोण आठ दिवसांत दुसऱ्यांदा हात पुढं करतंय. "महिन्यात तीनदा बांगड्या भरणारी बाई हौशी नसती," म्हणायच्या. मग त्या बाईच्या मागं मागं जाऊन कांद्या-बटाट्याच्या भावावरून बोलणं काढायचं. हा असला शोध माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

मारणाऱ्या नवऱ्याला बाई 'जावईबापू' म्हणायच्या. "या जावईबापू, बसा. प्रवास बरा झाला ना? पाणी घ्या." तो बिचारा फुशारून बसायचा. बसायला दिलेली खुर्ची एका पायानं लंगडी होती आणि ती मुद्दाम तशीच ठेवलेली होती. तासभर त्यावर तोल सांभाळत बसला की जावईबापूंचा अर्धा रुबाब उतरायचा. एकानं तक्रार केली तर म्हणाल्या, "सरकारी खुर्ची आहे, सगळ्या जावयांना हीच."

पोरांना मात्र अहो-जाहो. पाच वर्षांचं शेंबडं पोर जिना चढून आलं तरी, "या, बसा. तुम्ही जेवलात का?" पोरं आधी मागं वळून बघायची, आपल्या पाठीमागं कुणी मोठं माणूस उभं आहे का म्हणून. मी एकदा हसले तर माझ्यावर खेकसल्या. "त्यांना घरात कुणी तुमी म्हनलेलं न्हाई. एकानं तरी म्हनू दे."

आणि त्यांचं ते सूप. आतल्या खोलीत कपाटावर एक सूप असायचं आणि डब्यात शेरभर तांदूळ. पोर आलं की बाई सतरंजीवर मांडी घालून बसायच्या, सुपात तांदूळ ओतायच्या आणि म्हणायच्या, "जरा हात लावता का? माझ्या डोळ्यांना खडं दिसत न्हाईत." भाताचा मुलूख आमचा. चालतं-बोलतं झालेलं प्रत्येक पोर आईच्या सुपाशी बसलेलं असतं, त्याला काही शिकवावं लागत नाही. दोघं निवडत बसायची. बाई एक प्रश्न विचारायच्या नाहीत. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मग पोर आपणहून बोलायला लागायचं. "हात गुतला की तोंड सुटतं," एवढंच बाईंनी मला त्याबद्दल सांगितलं होतं.

संध्याकाळी त्या निवडलेले खडे मोजायच्या, सुपात राहिलेले शोधून काढायच्या आणि सगळे पुन्हा तांदळात मिसळायच्या. एकवीस. न चुकता एकवीस. मला वाटायचं, बाईचा कंजूषपणा! खडेसुद्धा हरवू देत नाही. वरिष्ठ कार्यालयातून कुणी आलं की मी ते सूप कपाटामागं लपवायची. सतरंजीवर बसून तांदूळ निवडणं हे काय समुपदेशन झालं?

वरच्यांचं आणि बाईंचं कधी जमलं नाही, त्याचं कारण सूप नव्हतं. महिन्याच्या अहवालात 'समेट' असा एक रकाना असायचा. किती जोडपी समजूत घालून परत नांदायला लावली, ते त्यात लिहायचं. आमचा रकाना कायम कोरा. बाकीच्या केंद्रांचे रकाने भरभरून वाहायचे. साहेब फोनवर म्हणायचे, "बाई, तुमचं काम दिसत नाही हो." बाई म्हणायच्या, "साहेब, समेट म्हंजे मारणारा दमला आन् खाणारी बी दमली. परत दम आला की परत सुरू. त्ये कसं लिवू?"

दुसरा त्यांचा हट्ट ओटीचा. आमच्याकडे रुसून गेलेली सून परत न्यायची तर सासरची पाच माणसं येतात, साडी, खण, नारळ आणतात, चारचौघांत तिची ओटी भरतात आणि घेऊन जातात. बाईंनी आमच्या माडीवर ते कधी होऊ दिलं नाही. नारळ घेऊन आलेल्यांना त्या जिन्यातूनच परत पाठवायच्या. "हितं ओटी भरायची न्हाई. हे काय देवीचं देऊळ हाय?" मला हे जरा जास्तच वाटायचं. माणसं मानानं न्यायला आलीत, तर काय बिघडलं?

काय बिघडतं, ते मीच करून दाखवलं.

बाई दोन दिवस पुण्याला प्रशिक्षणाला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आमचा आढावा होता आणि मी त्या कोऱ्या रकान्याकडे बघत बसले होते. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. वेल्ह्याकडची मंडळी, पासलीच्याही पुढची एक वाडी, नाव नाही सांगत. नवरा, त्याचा चुलता, गावातली आणखी तीन वजनदार माणसं. हातात साडी आणि नारळ. त्या घरची सून दोन महिन्यांपूर्वी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आली होती. तिचं प्रकरण बाईंकडे होतं. तिलाही मुलीसकट सासरच्यांनीच निरोप धाडून माडीवर बोलावून घेतलेलं. नवरा माझ्यासमोर रडला. चांगला हमसून हमसून रडला. चुलता म्हणाला, "म्याडम, पोरगं चुकलं. आता आमी पाच जन जामीन हाय."

मी म्हटलं, आधी मुलीशी बोलते. म्हटलं, बाईंसारखंच करावं. मुलीला आत घेऊन गेले, सूप काढलं, तांदूळ ओतले. तिनं लगेच निवडायला घेतलं. मान खाली, बोटं भराभर. मी दोन मिनिटं गप्प बसले असेन. बाहेर माणसं खोळंबलेली, माझ्याच्यानं राहवेना. विचारलं, "घरी जायचंय का गं तुला?"

तिनं वर बघितलं, माझ्या तोंडाकडे. "जायचंय."

"पप्पा मारतात?"

"न्हाई."

"आईला?"

"आता न्हाई मारायचे."

मला हेच हवं होतं. मी खडे मोजले. एकवीस. बाईंच्या सुपातले सगळेच्या सगळे खडे काढलेलं मी पाहिलेलं ते पहिलं पोर. मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास! एकसुद्धा ठेवला नाहीस की." ती म्हणाली, "परत एकदा बघू का? एखादा राहिला आसंल." मी हसले. गोड पोरगी, म्हटलं.

तेवढ्यात तिची आई दारात आली. बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "मोठ्या बाई काय म्हनत्यात? त्यांनी मला सांगितलं व्हतं, माझ्या माघारी जायाचं न्हाई." खरं तर मी फोन करायला हवा होता. केला असता तर बाई नाही म्हणाल्या असत्या, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी म्हणाले, "आत्ताच बोलले त्यांच्याशी. त्यांची हरकत नाही."

माझा मोबाईल बाहेर टेबलावर पडला होता. आत आल्यापासून माझ्या हातात सूप सोडून काही नव्हतं, आणि ती पोरगी माझ्यासमोर बसलेली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि पुन्हा सुपात खडे शोधायला लागली.

ओटी भरली. कागद झाला, सह्या झाल्या, मी केंद्राचा शिक्का मारला. आढाव्यात साहेब म्हणाले, "आता कसं काम दिसायला लागलं!"

बाई तिसऱ्या दिवशी आल्या. मी सगळं ऐटीत सांगितलं, फक्त त्या न केलेल्या फोनचं गाळलं. बाईंनी कागद बघितला नाही, माणसं कोण होती विचारलं नाही. म्हणाल्या, "पोरीनं खडं किती काढलं?"

"एकवीस. सगळे."

बाई मटकन लंगड्या खुर्चीवरच बसल्या. मग हळू आवाजात, मला एवढ्या हळू बोललेल्या आठवत नाहीत, म्हणाल्या, "आगं भवाने, पोर बोलायला लागलं की त्याचं हात चुकत्यात. कुनी सात काढतं, कुनी दहा. ज्या घरात भातात खडा लागला म्हनून ताट भिरकावत्यात आन् आईला तुडवत्यात, त्या घरचं पोर एकवीसच्या एकवीस काढतं. ती बोलत नव्हती तुझ्याशी. ती जीव मुठीत धरून तांदूळ निवडत व्हती."

मला आधी लाज नाही वाटली, राग आला. अजूनही येतो. मी म्हणाले, "मग हे मला सहा वर्षांत सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तू बघतीयास."

हेच. हाच त्यांचा माज. सगळं स्वतःपाशी ठेवायचं, कुणाला काही शिकवायचं नाही, आणि दुसऱ्यानं आपोआप शहाणं व्हावं अशी अपेक्षा. चार वाक्यं सांगितली असती तर एका बाईचं वाटोळं टळलं असतं. असं मी कितीदा तरी मनाशी म्हणते. मग आठवतं, खडे नसते कळले तरी फोन करता येत होता.

त्याच दिवशी आम्ही निघालो. नसरापूरवरून वेल्ह्याची एसटी, पुढं जीप. वाडीत पोचलो तेव्हा दुपार झाली होती. घर झाडून-पुसून लख्ख. नवऱ्यानं सतरंजी अंथरली, पाणी दिलं, आणि आम्ही काही बोलायच्या आत फळीवरचा कागद काढून बाईंपुढे धरला. माझ्या शिक्क्याचा. चुलताही येऊन बसला. मुलीची आई पाण्याचा तांब्या उचलायला आली आणि बाईंना म्हणाली, "तुमीच हरकत न्हाई म्हनला, म्हनून आले म्या."

बाई माझ्याकडे वळल्या. मी खाली बघितलं. नवरा आणि चुलता दोघंही कान देऊन ऐकत होते. केंद्रातल्या दोघींचं आपसात जमत नाही असं त्यांना दिसलं असतं तर तिथं आमचा धाक काडीचाही उरला नसता. बाई म्हणाल्या, "व्हय. म्हनले म्या. म्हनून तर बघाय आले."

मग हात धुवायच्या निमित्तानं त्या तिला परसात घेऊन गेल्या. मीही मागोमाग गेले. बाई म्हणाल्या, "पोरीला घे आन् आत्ताच्या आत्ता चल. जीप हुभी हाय." ती म्हणाली, "पाच मानसांत वटी भरून आले बाई. तीन दिसांत परत गेले तर भाऊ दारात हुभं करंल का? आता कुठल्या तोंडानं येऊ?" बाईंनी पुष्कळ सांगितलं. ती पदरानं भांड्याची कड पुसत राहिली. तुमची हरकत नव्हती ना, असं पुन्हा एकदा म्हणाली. ओटी केंद्रात का भरू द्यायची नाही ते मला त्या परसात कळलं. पाच माणसांत भरलेली ओटी म्हणजे बाहेरून घातलेली कडी असते.

जावईबापूंच्या घरी पाण्यापलीकडं काही न घेण्याचा बाईंचा नेम होता. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "जेवूनच जाते." पंगत बसली. भात, कुळथाचं पिठलं. मुलगी भाताचं पातेलं घेऊन वाढायला उभी. दुसऱ्या घासाला बाईंचा जबडा थांबला. मी शेजारी होते, मला दिसलं. मुलीलाही दिसलं. तिच्या हातातला पळा तसाच राहिला आणि तिनं बापाकडे बघितलं.

"काय झालं बाई?" नवऱ्यानं विचारलं. घास त्याच्या हातातच होता.

"काय न्हाई, दाढ ठणकतीया," बाई म्हणाल्या. "भात लई ग्वाड झालाय. वाढा हो जरा."

दुसऱ्यांदा भात घेऊन त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं. परत येताना जीपनं मार्गासनी गाठली. मग म्हणाल्या, "खडा व्हता."

"मग?"

"मग काय. गिळला."

सगळा कायदा, सगळं केंद्र, आम्ही दोघी, आणि त्या मायलेकींसाठी त्या दिवशी आमच्या हातून झालं ते एवढंच.

भात कापणीच्या सुमारास तिला दवाखान्यात आणलं. डाव्या कानातून रक्त येत होतं. तो कान कायमचा गेला. पोरगी बरोबर होती, अनवाणी, वाडीपासून रस्त्यापर्यंत आईला धरून चालत आलेली. ठाण्यात तक्रार द्यायला गेलो तर तोच कागद पुढं आला. "समेट तुम्हीच केलाय ना? शिक्का तुमचाच ना?" तक्रार घेतली शेवटी, पण बोंब वरपर्यंत गेली. चौकशी लागली. साहेबांनी आम्हां दोघींना समोर बसवून विचारलं, "परत पाठवायला हरकत नाही, हे नेमकं कोण म्हणालं?" त्या बाईनं जबाबात मोठ्या बाईंचं नाव सांगितलं होतं.

मी तोंड उघडायला हवं होतं. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मी म्हनले," त्या म्हणाल्या, आणि तसं लिहून सही केली.

त्यांची नेमणूक पुढं वाढवली नाही. जाताना मी रडायला लागले तर फटकारलं, "नाटकं करू नगं. तुझ्यावर उपकार न्हाई केलं. दोघींना काढलं असतं तर हितं कुलूप लागलं असतं. आन् मला भेटाय येऊ नगं." मी खरंच गेले नाही. भोरसारख्या गावात राहून न भेटणं सोपं नसतं, पण मला ते जमलं. त्यांच्या खुर्चीवर मी बसले. या गोष्टीला आता सात वर्षं झाली.

शोकसभेनंतर पंधराएक दिवसांनी ती बाई आली. मुलगी बरोबर, आता अकरावीला. दोघी मायलेकी नवऱ्याचं घर सोडून वेगळ्या राहतात; आई आमच्या वरव्याजवळच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापते. मुलीच्या फीसाठी, आई नवऱ्यापासून विभक्त राहते असा केंद्राचा दाखला हवा होता. मी लिहायला घेतला. बाई गेल्याचं तिला कळलं होतं. उजवा कान माझ्याकडे करून ती बसली आणि म्हणाली, "मेलेल्या मानसाला बोलू न्हाई. पर त्या बाईनं माझं वाटोळं केलं. तिनं हरकत न्हाई म्हनलं म्हनून म्या गेले. तुमी तर बिचाऱ्या फोन लावून इचारलंत. तुमचा काय दोष? तुमी हाय म्हनून आमी हितं येतो."

मी पेन खाली ठेवलं. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं: फोन मी केलाच नव्हता. चारच शब्द जास्त लागले असते, बाई खोटं बोलल्या, माझ्यासाठी. मान वर केली तर पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. माझ्या तोंडावर काय होतं, ते तिनं माझ्याआधी वाचलं.

"व्हय आई," ती शांतपणे म्हणाली. "ह्यांनी लावला व्हता फोन. म्या हितंच बसले व्हते, म्या ऐकलं."

मी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला आणि तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "थँक्यू म्याडम."